कांगारूचं पिल्लू पिशवीत जन्मत नाही!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय, "दादा, कांगारूचं पिल्लू पिशवीत जन्मतं ना?" नाही हो, नाही जन्मत. म्हणून आज याच विषयावर बोलू.

पिशवी फक्त मादीला असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पुढे जाऊ. लाल कांगारू घ्या. गर्भ साधारण ३३ दिवस पोटात राहतो. आता हा माझ्या तळहातावरचा राजम्याचा दाणा बघा. जन्मलेलं पिल्लू जेमतेम याच्याएवढं, वजन एक ग्रॅमसुद्धा नाही. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. फक्त पुढचे हात तयार, नख्यांसकट.

आई शेपटी पुढे घेऊन टेकून बसते. पिल्लू शेपटीखालच्या वाटेने बाहेर येतं आणि आईचे केस धरत, एकदा हा हात, एकदा तो, असं काही मिनिटांत पिशवीत पोचतं. एका ताईंनी लिहिलंय, "आई तोंडात धरून आत ठेवते." नाही ताई. आई स्वतःचं अंग चाटते, पिल्लाला उचलत नाही. ती चढण त्याची एकट्याची. मला तर हे दरवेळी सांगताना अंगावर काटा येतो.

आणि पिशवी म्हणजे गर्भाशय नव्हे! ती पोटावरच्या कातडीची खोळ. आतून गर्भाशयाकडे वाटच नाही.

हा घोळ जुना आहे बरं. १६२९ साली बटाव्हिया हे डच जहाज पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळच्या बेटांपाशी फुटलं. त्यावरचे प्रमुख पेल्सार्ट यांनी तिथल्या वॉलबीच्या, म्हणजे कांगारूच्या छोट्या भावंडाच्या, पिशवीत सडाला लटकलेली इवली पिल्लं पाहिली आणि लिहून ठेवलं की ती सडातूनच उगवतात! मी त्यांना दोष देणार नाही. पिल्लाने सड तोंडात घेतला की तो आत फुगतो, पिल्लू पक्कं अडकतं आणि दोनेक महिने सुटतच नाही.

पिशवी कायमची सुटते आठव्या महिन्याच्या सुमारास. त्यानंतरही ते डोकं आत घालून दूध पितं. तोवर आत नवं पिल्लू आलेलं असतं आणि आई दोघांना दोन सडांतून दोन वेगवेगळ्या प्रकारचं दूध देते. शिवाय पोटात तिसरा गर्भ वाढ थांबवून वाट बघत असतो, तो वेगळाच!

माझी मावसबहीण पर्थला असते. तिकडे रस्त्यावर मेलेली मादी दिसली की लोक पिशवी तपासतात. तिने स्वतः पाहिलंय, एका बाईंनी आतलं बिनकेसाचं पिल्लू ओढलं नाही. ओढलं तर त्याचं तोंड फाटतं. त्यांनी सडच कापला, पिल्लू फडक्यात गुंडाळलं आणि सडाचं टोक त्याने गिळू नये म्हणून फडक्याला सेफ्टी पिनने टाचून टाकलं.