अर्धवट माहितीचं काय करायचं?

डब्लिनच्या गिनेस कारखान्यात बिअर बनते. तिथल्या विल्यम गॉसेटच्या हाताशी प्रयोग मोजकेच असायचे, आणि त्या काळची संख्याशास्त्राची सूत्रं मोठा नमुना, म्हणजे पुष्कळ नोंदी, गृहीत धरायची. त्याने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लहान नमुन्यांसाठी वेगळी पद्धत मांडली. ही गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. मला आज जास्त बोलायचंय ते कॅप्लन आणि मायर यांच्याबद्दल.

एडवर्ड कॅप्लन अमेरिकेतल्या बेल या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या, संदेशाचा जोर वाढवणाऱ्या निर्वात नळ्या (व्हॅक्यूम ट्यूब) किती वर्षं टिकतील, हा त्यांचा प्रश्न. पॉल मायर वैद्यकीय आकडेवारीत काम करत. नळी आणि रुग्ण यांचा संबंध काय? अडचण एकच: अभ्यास संपतो तेव्हा काही नळ्या चालूच असतात, काही रुग्ण जिवंत असतात, काही मध्येच यायचे थांबतात. त्यांचा शेवट आपण पाहिलेलाच नसतो.

समजा दहा रुग्ण आहेत. एक दगावला, मग तिघे अभ्यास सोडून गेले, मग उरलेल्या सहांतला एक दगावला. जगण्याचं प्रमाण किती? तिघांना वगळलं तर सातांत पाच, म्हणजे ७१ टक्के. तिघे जगलेच असं धरलं तर ८० टक्के. कॅप्लन-मायर म्हणतात, जो जितका वेळ नजरेसमोर होता तितका वेळ त्याला मोजा. पहिल्या मृत्यूला दहांत नऊ वाचले, दुसऱ्याला सहांत पाच. गुणाकार करा: ७५ टक्के. दोघांनी स्वतंत्रपणे काढलेलं हे उत्तर १९५८ मध्ये एकाच लेखात आलं.

अट मात्र विसरू नका. सोडून जाण्याचा आजाराशी संबंध नसावा. प्रकृती ढासळलेलेच येईनासे झाले, तर या पद्धतीने काढलेला जगण्याचा आलेख खोटी आशा दाखवतो. सॉफ्टवेअर हे सांगत नाही. दवाखान्यात जाऊन विचारावं लागतं.

शेतीतही तेच, जागेवर जाऊन पाहावं लागतं. पिकाचा उतारा काढायला शेतातले छोटे तुकडे निवडून तिथलं पीक कापणं स्वस्त पडतं, आणि कागदावर हिशेब चोख बसतो. पण हद्दीवरचं रोप आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा कल ते आत घेण्याकडे असतो. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्रफळाच्या मानाने हद्द मोठी, म्हणून उतारा फुगतो. १९४० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी हे दाखवून दिलं. उपाय साधा होता, तुकडा मोठा घ्या.

आज सर्वेक्षणं फोनवर होतात, आणि फोन न उचलणारे पुष्कळ. वय, लिंग, शिक्षण यांचे भारांक लावून, म्हणजे कमी आलेल्या गटाच्या उत्तरांना जास्त वजन देऊन, आपण बेरीज जुळवतो. पण भारांक लागतो तो आपल्याला दिसणाऱ्या फरकांनाच. ज्याने ज्या कारणासाठी फोन उचलला नाही, तेच कारण आपल्या प्रश्नाचं उत्तर असेल तर? बेरोजगारीबद्दल विचारताना हे सहज घडू शकतं. इथे मला तरी आजच्या दुरुस्त्या अपुऱ्या वाटतात.