फोन लागला, पण लागत नाही

अध्यक्ष महोदय आणि बंधू-भगिनींनो,

मराठीत 'फोन लागला' याचे दोन अर्थ होतात. वायर ओढून घरात यंत्र बसले की फोन लागला, आणि नंबर फिरवल्यावर पलीकडून आवाज आला की तेव्हाही फोन लागलाच. दूरसंचाराच्या कामात माझी तीस वर्षे धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत गेली, आणि आज मला जे सांगायचे आहे ते या दोन अर्थांमधल्या अंतराबद्दल आहे. शिरपूर तालुक्यातल्या एका किराणा दुकानदाराने ते अंतर मला पहिल्यांदा ऐकवले. "भाऊ, फोन लागना, पन फोन लागत नही," तो अहिराणीत म्हणाला, म्हणजे फोन लागला, पण फोन लागत नाही. त्याच्या दुकानातल्या सार्वजनिक फोनपुढे आमच्या नोंदवहीत त्या दिवशीही 'सुरू' असेच लिहिलेले होते.

खेड्यात फोन उशिरा का पोहोचला, याचे उत्तर तांब्याच्या तारेत आहे. शहरात एका गल्लीत शंभर ग्राहक मिळतात आणि खांबांचा खर्च शंभरांत वाटला जातो. खेड्यात एका जोडणीसाठी पाच-सहा किलोमीटर खांब रोवावे लागत, वळवाच्या पहिल्या वाऱ्याला त्यांतले काही आडवे होत, आणि इतके करून त्या फोनवर दिवसाला तीन-चार कॉल होत. शिवाय त्या काळातली एक्स्चेंजची, म्हणजे एक फोन दुसऱ्याला जोडून देणाऱ्या केंद्राची, यंत्रे थंड, धूळविरहित खोलीसाठी बनवलेली होती. मे महिन्यातल्या भुसावळची कल्पना ज्यांना आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

ही अडचण ओळखून 1984 साली सी-डॉट ही दूरसंचार संशोधनाची सरकारी संस्था स्थापन झाली. दूरसंचार अभियंते सॅम पित्रोदा आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी 128 जोडण्यांचे असे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले, ज्याला वातानुकूलन लागत नव्हते आणि जे धूळ, उष्णता व कमी-जास्त होणारा विजेचा दाब सहन करत होते. जुलै 1986 मध्ये कर्नाटकातील कित्तूरला त्यातले पहिले बसले. आपल्याकडे ती यंत्रे आली तेव्हा मी ती स्वतः बसवली आहेत, आणि लोखंडी कपाटाएवढ्या त्या यंत्राबद्दल मला आजही ममत्व वाटते. पाठोपाठ परगावी फोन करण्याचे, पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. रात्री अकरानंतर दर एक-चतुर्थांश होत असे, म्हणून रावेर-यावलच्या बाजूला रात्री अकरा वाजता बूथपुढे माणसे उभी असलेली मी पाहिली आहेत. एकाला सुरतेतल्या मुलाशी बोलायचे असे, दुसऱ्याला दिल्लीच्या व्यापाऱ्याकडून केळीचा भाव विचारायचा असे. कापणीला आलेली केळी थांबत नाही, आणि बऱ्हाणपूरला आज काय भाव निघाला हे ज्याला कळत नाही त्याला बांधावर आलेला व्यापारी सांगेल तो भाव घ्यावा लागतो. टेलिफोनचे अर्थशास्त्र मी त्या रांगेत शिकलो.

1994 च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने 1997 पर्यंत सर्व गावांत फोन नेण्याचे ठरवले. त्या वेळी देशातल्या 5,76,490 गावांपैकी सुमारे 1.4 लाख गावांतच तो पोहोचला होता. उरलेल्या गावांपर्यंत तार ओढणे अशक्य, म्हणून रेडिओवर चालणारी यंत्रणा निवडली गेली, जिच्या एका प्रकारात दोन रेडिओ मार्गांवर पंधरा गावे जोडलेली असत. गावात एक उंच खांब, त्यावर अँटेना, छपरावर सौर पट्टी, खाली बॅटरी आणि फोन. देशभर असे लाखाहून अधिक फोन बसले, आणि पुढे त्यांतले बहुतेक बंद पडल्यामुळे बदलावे लागले.

ते बंद कसे पडत याचे एक उदाहरण सांगतो. नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ अक्राणी महालातल्या एका गावचा फोन चार महिने मुका होता. मी चढून गेलो, बॅटरी तपासली, वायर तपासली, शेवटी छपरावर चढलो. सौर पट्टीवर चुलीच्या धुराचा आणि धुळीचा इतका जाड थर होता की बोट फिरवल्यावर रेघ उमटली. ओल्या फडक्याने ती पुसली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोन चालू झाला. घरातल्या आजीबाईंनी मला विचारले की हे पुसायचे असते हे आम्हाला कोणी का सांगितले नाही. सांगायला हवे होते ते आम्हीच. बसवण्यासाठी निधी होता, कंत्राटदार होता, उद्दिष्टाचा तक्ता होता; पुसायला मात्र कोणीच नेमलेले नव्हते.

1999 च्या धोरणाने ग्रामीण भागात शंभर माणसांमागे फोनचे प्रमाण 0.4 वरून 2010 पर्यंत 4 करण्याचे लक्ष्य ठेवले. 2002 पासून सार्वत्रिक सेवा निधी आला आणि कंपन्यांच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा तोट्यातल्या भागासाठी वळवला जाऊ लागला. ही व्यवस्था मला मनापासून योग्य वाटते, कारण बाजाराच्या हिशेबात सातपुडा कधीच बसणार नव्हता. मे 2003 पासून मोबाइलवर येणारे कॉल मोफत झाले आणि त्यानंतर जे घडले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. 4 चे ते लक्ष्य आज कोणाच्या लक्षातही नाही, इतके मागे पडले.

तरीही दुकानदाराचे वाक्य जुने झालेले नाही. देशातले पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. त्याच जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात अंगठा लावून रेशन घ्यायचे तर यंत्राला रेंज हवी, आणि रेंज हवी तर टेकडी चढावी लागते, अशी गावे मी निवृत्तीनंतरही पाहिली आहेत. ऑप्टिकल फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येतो. पण तिथली ग्रामपंचायत म्हणजे डोंगरावर विखुरलेले सात-आठ पाडे असतात. वीज गेली की टॉवर बॅटरीवर जातो, आणि बॅटरी जुनी असेल तर दोन तासांत गप्प होतो. पावसाळ्यात अडलेल्या बाळंतिणीला बांबूची झोळी करून खाली आणतात तेव्हा 108 ला फोन करण्यासाठी एक जण पुढे पळत जातो, रेंज सापडेपर्यंत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अनुदान टॉवर उभा केल्याबद्दल न देता तो चालू राहिलेल्या दिवसांबद्दल द्यावे. प्रत्येक टॉवरमागे त्याच गावातल्या एका मुलाला किंवा मुलीला बॅटरी, डिझेल जनरेटर आणि सौर पट्टीचे काम शिकवून पगारावर नेमावे. आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गावात रेंज किती दिवस होती, याची नोंद ग्रामसभेच्या वहीत व्हावी, तारीखवार, आणि ती पाड्यावरच्या आशाताईंना विचारून लिहावी.