पावसाळाभर उभी राहिलेली गाडी

मंडळी, आपल्या सीमाभागात जुनी गाडी वर्षानुवर्षे शेडमध्ये उभी राहते, याचे कारण बहुधा एकच असते. घरातली मुले पुण्याला किंवा गोव्याला नोकरीला असतात आणि अंगणातल्या पद्मिनीची, अॅम्बेसेडरची किंवा कार्बोरेटरच्या मारुती ८००ची आठवण गणपतीला गावी आल्यावर होते. मग बॉनेटही न उघडता कोणीतरी सेल्फ मारत राहतो, बॅटरी बसते आणि सगळे मिळून गाडीला धक्का मारू लागतात. किल्लीला हात लावण्याआधी केलेली तपासणीच अशा गाडीला वाचवते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीच असते, त्यामुळे पिस्टन जिथे थांबला तिथेच रिंगा गंजून सिलिंडरला धरण्याची शक्यता असते. म्हणून सगळे स्पार्क प्लग काढावेत, प्रत्येक भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून समोरून लावायच्या हँडलने, हँडल नसल्यास क्रँकपुलीच्या नटावर पाना लावून, इंजिन हळूच फिरवून पाहावे. अडत असेल तर जोर करू नये. ते काम मेस्त्रीचे. एअर फिल्टरचे झाकणही याच वेळी उघडावे, कारण उंदरांना घरट्यासाठी ती जागा फार आवडते आणि प्लगच्या वायरीही ते कुरतडतात.

बॅटरीबद्दल थोडक्यात सांगतो. भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करावी. टर्मिनलवरची पांढरी बुरशी आणि इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी घासून स्वच्छ करावी, कारण चांगली बॅटरी असूनही सेल्फ नुसता टकटक वाजतो तेव्हा दोष पुष्कळदा तिथेच सापडतो.

यानंतर प्लग बसवून चोक ओढावा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारून पाहावा. गाडी सुरू झाली नाही तर एक प्लग काढून त्याचे टोक बघावे, कारण पुढची दिशा तेच सांगते. टोक पेट्रोलने ओले असेल तर पेट्रोल पोहोचते आहे आणि स्पार्क कमी पडतो आहे. अशा वेळी डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाचे, झाकण काढले की आत दमटपणाचे थेंब दिसतात आणि पॉइंटवर, म्हणजे उघडझाप करणाऱ्या संपर्कावर, करडा थर असतो. तो थर इतका पातळ असतो की नजरेला पॉइंट ठीकच वाटतो, पण वीज त्यातून जात नाही. बारीक पॉलिश पेपर अलगद फिरवून पॉइंट कोऱ्या कागदाने पुसावा, झाकण कोरडे करावे आणि पॉइंटचा गॅप गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे लावावा.

टोक कोरडे असेल तर मात्र पेट्रोलकडे वळावे, आणि माझ्या मते खरी मेख आता इथेच आहे. पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याच उसापासून ते तयार होते याचा आनंद आहेच, पण इथेनॉल हवेतले पाणी ओढते, पाणी जास्त झाले की पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप व एसी पंपाचा, म्हणजे कार्बोरेटरला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा, पडदाही खराब करते. थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवले की तळाचा वेगळा थर डोळ्यांनी दिसतो. तसे दिसल्यास किंवा पेट्रोलला वार्निशसारखा वास येत असल्यास टाकी पूर्ण रिकामी करावी; नवे पेट्रोल ओतून जुने पातळ करण्याची काटकसर कार्बोरेटर साफ करण्याच्या खर्चात जाते. कार्बोरेटरमध्येही उडून गेलेल्या पेट्रोलचा चिकट थर जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोके, बुजवतो आणि पेट्रोलची पातळी राखणारी फ्लोटची सुई चिकटवतो. पंप चालतो की नाही हे पाहायचे असेल तर कॉइलची वायर काढून, कार्बोरेटरकडे जाणारा पाइप बाटलीत सोडून सेल्फ मारावा. पेट्रोल ठोक्याठोक्याने यायला हवे. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सेल्फ मारण्याची पद्धत मला बिलकूल मान्य नाही, कारण इंजिनाने उलटा भडका मारला तर चेहरा भाजतो.

इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचा दिवा विझला का ते पाहावे आणि लगेच रस्त्यावर निघू नये. हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचे ब्रेक लायनर ड्रमला धरलेले असतात, क्लचप्लेट चिकटली असेल तर पेडल दाबूनही गिअर पडत नाही, आणि ब्रेक ऑइलनेही एवढ्या काळात पाणी ओढलेले असते, तेव्हा ते बदलून, अंगणातच दोन-चार वेळा गाडी मागेपुढे करून ब्रेक लागतो याची खात्री करावी आणि मगच फाटकाबाहेर काढावी.