पत्र्याच्या डबीतल्या पावत्या

श्रोतेहो, नमस्कार.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, बाजार खान्देशातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, घरोघरी नवी घागर पुजली जाते. कुंभार आधीपासून घागरी घडवत बसतो, कारण त्याचा मोठा धंदा या आठ दिवसांतच होतो. २०२० साली आखाजी २६ एप्रिलला आली तेव्हा टाळेबंदीला महिना उलटला होता. भाजून तयार झालेल्या घागरी आव्याशेजारी रचल्या होत्या, तशाच राहिल्या. पुढच्या वर्षी १४ मे रोजी आखाजी आली आणि तेव्हा दुसरी लाट होती. लागोपाठ दोन आखाज्या गेल्या.

त्या काळात मी खान्देशातल्या एका नगरपालिकेत लिपिक होतो. परवाने आणि बाजार वसुली हे माझं टेबल. टाळेबंदी सैल झाल्यावर खिडकीशी रोज माणसं यायची, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असायचा, "भाऊ, मनं नाव शे का यादीम्हा?"

आज मला त्या यादीबद्दलच, म्हणजे पालिकेच्या फेरीवाल्यांच्या यादीबद्दल, बोलायचं आहे.

काही मदत अशी होती की तिला यादी लागत नव्हती. बाजार शाळेच्या मैदानात हलवला, चुन्याचे चौकोन आखले आणि भाजीवाल्यांना एक आड एक बसवलं. शिवभोजन थाळी दहा रुपयांवरून पाच रुपयांवर आली, २०२१च्या एप्रिलमध्ये तर फुकट झाली, आणि तिथं कुणी कागद मागत नव्हतं. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात नर्मदाकाठच्या पाड्यांवर एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत बाळांचा आहार घेऊन जात होती. त्याच जिल्ह्यात जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी दुसरी लाट येण्याआधीच ऑक्सिजनचे प्रकल्प उभे करायला घेतले होते. संकट दाराशी येण्याआधी तयारी केली की काय होतं, ते नंदुरबारनं दाखवलं.

पण रोख पैसा आला तो यादीवरूनच. १ जून २०२० रोजी केंद्राची पीएम स्वनिधी योजना सुरू झाली. पथविक्रेत्याला तारण न ठेवता दहा हजारांचं कर्ज, वर्षभरात फेडायचं, वेळेवर हप्ते भरले तर सात टक्के व्याज परत खात्यात. २०२१च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारनं फेरीवाल्यांना पंधराशे रुपये जाहीर केले, तेही नोंदणीकृत फेरीवाल्यांनाच. पैसे मुंबईहून येवोत की दिल्लीहून, ते कुणाला मिळायचे हे आमच्या पालिकेच्या रजिस्टरवर ठरत होतं. ते रजिस्टर आम्ही नीट भरलेलं नव्हतं.

यात माझीही चूक आहे. महामारीच्या आधी फेरीवाल्यांचं सर्वेक्षण झालं, त्या पथकात मी होतो. आम्ही कचेरीत सह्या करून, चहा घेऊन, अकराच्या पुढे रस्त्यावर निघायचो. आसपासच्या खेड्यांतून पहिल्या गाडीनं येणाऱ्या बाया पहाटे मेथी, गिलकी, भरिताची वांगी विकून नऊला परतलेल्या असायच्या. मोकळ्या जागेवर नाव कुणाचं लिहिणार? आम्ही हातगाड्या मोजल्या, पानटपऱ्या मोजल्या. जमिनीवर गोणपाट टाकून बसणारी बाई आमच्या कागदावर आलीच नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. पुढे त्याच बाया खिडकीशी उभ्या राहिल्या, तेव्हा मान वर करणं जड झालं.

सुदैवानं योजनेत एक वाट होती. सर्वेक्षणात सुटलेल्यांना, आणि खेड्यातून शहरात येऊन विकणाऱ्यांनाही, पालिका शिफारसपत्र देऊ शकत होती. अट एवढीच की माणूस २४ मार्च २०२० किंवा त्याआधीपासून विकत असला पाहिजे. ते ठरवायला चौकशी करण्याची मुभा होती. मग आम्ही पहाटे पाचला बाजारात जायला लागलो. शेजारच्या गाळेवाल्याला विचारायचं, हमालाला विचारायचं. जे सर्वेक्षणात करायचं होतं ते महामारीत केलं.

आणखी एक अडचण होती, ती अगदी आपल्या भागातली. अर्ज भरताना आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आमच्या कितीतरी बायांचा तो मोबाइल मुलाचा, आणि मुलगा सुरतेला. मग सुरतेला फोन लावायचा, त्यानं आकडा सांगायचा, तोवर वेळ संपायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

श्रोतेहो, पथविक्रेता कायदा २०१४चा आहे. दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण करा असं त्यात लिहिलेलं आहे. नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या, आणि त्यांत एक तृतीयांश बाया असल्या पाहिजेत. तुमच्या गावच्या समितीची बैठक शेवटची कधी झाली, हे नगरसेवकाला जरूर विचारा. स्वनिधी बंद झालेली नाही. २०२५मध्ये तिला मार्च २०३०पर्यंत मुदतवाढ मिळाली आणि पहिलं कर्ज पंधरा हजार झालं. म्हणजे यादीत नाव असण्याचं काम आजही आहे, साथ असो वा नसो.

एका मावशींचं सांगतो. पुराव्याला काय आहे म्हणून विचारलं, तर त्यांनी पिशवीतून पत्र्याची डबी काढली. आत बाजार वसुलीच्या पावत्या, रबर लावून वर्षावार ठेवलेल्या. घामानं शाई पुसट झाली होती, पण तारखा वाचता येत होत्या. आमच्याच ठेकेदारानं फाडलेल्या पावत्या होत्या त्या. रोज पैसे घेताना आम्हाला ती बाई दिसत होती, नाव लिहिताना दिसली नव्हती.

त्यांचं शिफारसपत्र मी त्याच दिवशी तयार करून सहीला नेलं. कागद हातात दिला, त्यांनी तो उलटसुलट पाहिला, घडी करून ब्लाउजात ठेवला. निघाल्या, आणि दारातून परत आल्या.

"पावत्या माले वापस दी दे भाऊ," म्हणाल्या, "परत कोनी मांग्यात ते?"