वॉकर: चालणाऱ्याचं नव्हे, तुडवणाऱ्याचं आडनाव

(दृश्य: लाकडी हौद, गढूळ पाणी, त्यात दोन अनवाणी पाय)

हे पाय नीट बघा. गुडघ्यापर्यंत भिजलेले, गारठ्यानं लाल झालेले. त्यांच्याखाली आहे मागावरून नुकतंच उतरलेलं लोकरीचं कापड. विरळ, मेंढीच्या अंगच्या तेलानं चिकट. हौदात शिळं मूत्र घातलेलं असे. त्यातल्या अमोनियानं तेल सुटतं. वास कसा येत असेल, कल्पना करा! त्यातच उभं राहून हा माणूस तासन्‌तास कापड तुडवायचा. हळूहळू तंतू एकमेकांत गुंतायचे, कापड आटायचं, दाट व्हायचं, वारा अडवायचं.

मध्ययुगात इंग्लंडची श्रीमंती लोकरीवर उभी होती. पण हे पाय नसते, तर ते कापड अंगावर घालण्याजोगं झालंच नसतं.

उत्तर इंग्लंडात या माणसाला म्हणत वॉकर. आज आपण 'चालणारा' असा अर्थ लावून मोकळे होतो. जुन्या इंग्रजीत मात्र या शब्दाच्या मुळाशी घोळवणं, उलटसुलट करणं आहे.

(दृश्य: इंग्लंडचा नकाशा)

काम तेच, पण आग्नेयेला त्याचं नाव फुलर आणि नैर्ऋत्येला, डेव्हन-सॉमरसेटकडे, टकर. एक्सेटर शहरात या कारागिरांच्या संघाची वास्तू, टकर्स हॉल, आजही उभी आहे. आणि फुलर तर आपल्या घरात आहे. तेल शोषून घेणारी एक माती हे लोक कापडाला चोळत. इंग्रजीत ती 'फुलर्स अर्थ', म्हणजे आपण तोंडाला लावतो ती मुलतानी माती!

१२व्या शतकात पाण्यावर चालणारे लाकडी हातोडे आले आणि पायांचं काम कमी होत गेलं. धंद्याचं नाव तेवढं टिकलं. पुढे ते बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं. मुलगा सुतार झाला, तरी वॉकरच.

स्कॉटलंडात गेलिक भाषेतलं 'कापड तुडवणाऱ्याचा मुलगा' अशा अर्थाचं आडनावही इंग्रजीत वॉकर झालं.

(दृश्य: टाइन नदी, न्यूकॅसल)

इथे मात्र गोष्ट वेगळी. या भागाचंच नाव वॉकर: भिंतीजवळची दलदल. भिंत म्हणजे रोमन सम्राट हेड्रियननं इ. स. १२२ मध्ये बांधायला घेतलेली. आपल्याकडे साताऱ्याचे सातारकर होतात, तसे इथले काही जण गावावरून वॉकर झाले.

तेव्हा ओळखीत कुणी वॉकर असतील, तर त्यांचे पणजोबा कुठले, हे एकदा जरूर विचारा. टाइनकाठचे निघाले, तर हौदाबरोबर ती भिंतही आठवा.