पिवळा रंग वाढला, पण…

श्रोतेहो, नमस्कार. शाळेत स्थलनिर्देशक नकाशा वाचला असेल, तर त्यातला पिवळा म्हणजे लागवडीची जमीन हे लक्षात असेल. आज राजस्थानातल्या सुरतगढ भागाच्या दोन शीट्स शेजारी ठेवू. एक जुनी, इंचाला मैल प्रमाणाची. दुसरी नंतरची, १:५०,००० ची. मधल्या काळात तिथे कालवा आला. काम १९५८ साली सुरू झालं, १९८४ मध्ये त्याला इंदिरा गांधींचं नाव मिळालं.

जुन्या शीटवर वाळूच्या टेकड्या, मोजक्या विहिरी आणि राजियासरसारखी 'सर' शेवटी असलेली गावं. नव्या शीटवरच्या वस्त्यांना नावं कसली, आकडा आणि अक्षरं! हे चक, म्हणजे कालव्याच्या पाण्यावर वसलेल्या वस्त्या. शेतांच्या कडा सरळ, कारण जमीन २५ बिघ्यांच्या मुरब्ब्यांत, म्हणजे चौरस तुकड्यांत वाटली. मुरब्ब्याची बाजू सुमारे २५० मीटर, म्हणजे नकाशावर अर्धा सेंटीमीटर.

आता पिवळा किती वाढला, त्याची मोजणी. शीट ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके घेऊन स्कॅन केली, की १:५०,००० वर एक ठिपका जमिनीवरच्या सव्वाचार मीटरचा. चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश देऊन ती बसवा. जुन्या शीट्स एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती मापावर काढलेल्या आहेत. संगणकाला ते सांगितलं नाही, तर अख्खं गाव सरकतं आणि जुनंच शेत नवं दिसतं. पडताळा मंदिरावर, रेल्वेच्या पुलावर घ्या. टेकडीवर नको, वाळू जागा सोडते. क्षेत्र काढताना १:५०,००० वरचा एक चौरस सेंटीमीटर म्हणजे २५ हेक्टर, जुन्या शीटवरचा एक चौरस इंच म्हणजे २५९. साल समासातलं सर्वेक्षणाचं धरा, छपाईचं नव्हे. कोरडवाहू बाजरी पाऊस झाला तरच पेरतात, म्हणून त्या सालचा पाऊसही बघावा. दुष्काळातली पडीक आणि कायमची पडीक यांची गल्लत सहज होते.

खरी गंमत निळ्या रंगात आहे. टेकड्यांमधल्या खोलगट भागांत, जुन्या शीटवर जिथे नुसती वाळू होती, तिथे दलदलीची खूण येते. तिथले लोक याला 'सेम' म्हणतात. खाली जिप्समचा कठीण थर, त्यामुळे पाझरलेलं पाणी खोल जात नाही. वर येतं आणि मीठ मागे ठेवतं. मात्र सगळा दोष कालव्याला देऊ नका. सुरतगढजवळच्या अशा खोलगटांत घग्गर नदीच्या पुराचं पाणीही मुद्दाम वळवून सोडलं होतं. निळ्या डागाकडे घग्गरकडून येणारा चर जातो का, ते आधी शीटवर शोधा.