मुशीत जाण्याआधी

(दृश्य: नागपूरची इतवारी, सराफा ओळ. सकाळ. बहुतेक शटर अजून खाली.)

दुकानं उघडायला वेळ आहे, पण रस्त्यावर काम सुरू झालंय. ब्रश, सुपली, पत्र्याचा डबा. हे झारेकरी. काल दिवसभर कारागिरांच्या कानशीखालून जो कण उडाला, कपड्यांना चिकटला, चपलेखाली गेला, तो हे लोक धुळीतून धुऊन वेगळा काढतात. या बाजारात सोन्याचा कण वाया जात नाही.

आकार मात्र रोज वाया जातो.

(दृश्य: काट्यावर सोन्याचं आपट्याचं पान. अगदी जवळून.)

बरोबर पाच ग्रॅम. मधली शीर बघा, दोन्ही बाजूंचे गोलसर कान बघा, बारीकसा देठसुद्धा आहे. दसऱ्याला 'सोनं घ्या, सोन्यासारखे राहा' म्हणत आपण एकमेकांच्या हातात झाडाचं पान ठेवतो. इथे खरोखरच सोन्याचं पान घडवलंय. शेजारच्या ट्रेमध्ये चौकोनी लक्ष्मी आहे, अंडाकृती गणपती आहे, बदामाच्या आकाराचं एक आहे. दुकानात या सगळ्यांना नाणंच म्हणतात. तसं नाणं पाडायचा अधिकार फक्त सरकारचा. सराफाकडे मिळतं ते शिक्का मारलेलं शुद्ध सोनं. घेणारा त्याच्याकडे गुंतवणूक म्हणून बघतो आणि तरीही गोल सोडून पान उचलतो. म्हणजे त्याला नुसतं वजन नको असतं.

(दृश्य: नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा. माजघर. लाकडी पेटी उघडते.)

या पेटीचे मालक नोकरीतून निवृत्त झाले आहेत. नाव घेऊ नका म्हणाले, तेव्हा आपण त्यांना काकाजीच म्हणू. चाळीस वर्षं पगारातून थोडं थोडं बाजूला टाकत त्यांनी हा संग्रह केला. गोल नाणं त्यात जवळपास नाहीच.

(दृश्य: तळहातावर एक छोटी सोन्याची वाटी.)

हे पद्मटंक आहे. देवगिरीच्या यादवांचं नाणं. वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. आकार वाटीसारखा खोलगट. तेराव्या शतकात महाराष्ट्राचं सोनं असं दिसत होतं. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर रामटेकच्या लक्ष्मण मंदिरात रामचंद्रदेव यादवाच्या काळातला शिलालेख आजही भिंतीवर आहे. तेव्हा हे नाणं आपल्याला परकं नाही, आपल्याच अंगणातलं आहे.

प्रकाश तिरका घेतला की ठसे उठून दिसतात. मधोमध कमळ. कडेने 'श्री', शंख, आणि नागरी अक्षरांत राजाचं नाव. एकाच साच्यात हे पाडलेलं नाही. प्रत्येक खुणेचा ठसा वेगळा, आणि प्रत्येक ठशावर हातोडीचा वेगळा घाव. घावागणिक सोनं आत बसत गेलं आणि चकतीची वाटी झाली. मागची बाजू कोरी. कमळाची ही एक पाकळी अर्धीच उठली आहे, कारण सातशे वर्षांपूर्वी टाकसाळीतल्या कुणाचा तरी हात त्या घावाला जरासा तिरपा पडला. काकाजी नाणं हातात देताना नेमकी तीच पाकळी आधी दाखवतात.

(दृश्य: पारदर्शक कुपीत आयताकृती नाणं, त्यावर ड्रॅगन.)

आणि हे आजच्या काळातलं. ऑस्ट्रेलियाच्या पर्थ मिंटचं आयताकृती नाणं. एक ट्रॉय औंस, म्हणजे 31.1 ग्रॅम सोनं, शुद्धता 99.99 टक्के. मुलगा तिकडे नोकरीला आहे. रीतसर कर भरून त्याने आणलं. तिथल्या कायद्याने हे खरंखुरं नाणं आहे, दर्शनी किंमत छापलेली आहे. चीनने तर 1990 च्या दशकात फुलासारख्या पाकळीदार कडेची आणि 2000 पासून पंख्याच्या आकाराची सोन्याची नाणी काढली. ती काकाजींकडे फक्त फोटोत आहेत.

(दृश्य: इतवारीतला कारखाना. भट्टी, रोल मशीन, प्रेस.)

मग जगभरातली नाणी गोलच का? उत्तर या प्रेसजवळ उभं राहिलं की कळतं. आधी सोन्याची कांब रोल मशीनमधून पुन्हा पुन्हा काढतात. प्रत्येक फेरीत ती पातळ होते आणि कडकही होते, म्हणून मधेमधे तापवून मऊ करावी लागते. पट्टी हव्या त्या जाडीची झाली की चकती कापायची. गोल चकती प्रेसमध्ये कशीही टाका, ती बसतेच. पान तसं बसत नाही. त्याचा देठ साच्यातल्या देठावरच यायला हवा. केसभर फिरलं तर कड चिरडते.

(दृश्य: कारागिराची बोटं. चिमट्याने पान साच्यात बसवताना. प्रेस खाली येतो.)

दाब पडला की सोनं मधून कडेकडे पसरतं. गोलात ते सगळीकडे सारखं जातं. कोपऱ्यात, देठात, टोकात मात्र शेवटी पोचतं, आणि कधीकधी पोचतच नाही. मग ते पान पुन्हा तापवायचं, पुन्हा साच्यात धरायचं, पुन्हा दाबायचं. या कारागिराने आमच्यासमोर एक पान तीन वेळा प्रेसखाली घेतलं. देठाची टोकदार कड उठली तेव्हाच त्याने मान वर केली. पानाची घडणावळ गोल नाण्यापेक्षा जास्त लागते ती याचसाठी. ग्राहकाच्या बिलावर ती एका ओळीत येते आणि त्याला महाग वाटते. त्या ओळीमागचे हात हे आहेत.

(दृश्य: जुन्या नाण्यांची छायाचित्रं, एकामागून एक.)

आकाराची ही ओढ माणसाला फार जुनी आहे. अकबराने मेहराबी मोहर पाडली, कमानीच्या आकाराची. जपानमध्ये 1601 पासून लांबट अंडाकृती कोबान चालू लागले. 1695 मध्ये तिथल्याच सरकारने ते परत मागवून वितळवले आणि कमी सोन्याचे नवे पाडले. अमेरिकेत 1915 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनासाठी पन्नास डॉलरचं सोन्याचं नाणं निघालं. तेच नाणं गोलही होतं आणि अष्टकोनीही. अष्टकोनीच्या आठ कोपऱ्यांत आठ डॉल्फिन. वजन 83 ग्रॅमहून जास्त, विक्रीची किंमत शंभर डॉलर. प्रत्येक प्रकारची दीड हजार पाडली होती. लोकांनी गोल 483 घेतली आणि अष्टकोनी 645. उरलेली सगळी मुशीत गेली, म्हणजे वितळवली. जी वाचली त्यांच्यासाठी आज संग्राहक सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट मोजतात.

(दृश्य: पुन्हा सराफा ओळ. दुपार. दुकानात एक जोडपं, समोर तसंच आपट्याचं पान.)

हे आमच्या शूटिंगच्या वेळापत्रकात नव्हतं. मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे म्हणून दोघं पान मोडायला आले. कॅमेरा चालू ठेवायला त्यांनी हरकत घेतली नाही, फक्त चेहरे नकोत म्हणाले.

(दृश्य: काट्यावर पाण्याची वाटी. काटा शून्यावर. दोऱ्याला बांधलेलं पान पाण्यात उतरतं.)

आधी कसोटीचा दगड, मग कॅरेट मशीन. मशीनचे किरण सोन्याच्या वरच्या पातळ थरापुरतेच बघतात, आत काय आहे ते त्यांना दिसत नाही. म्हणून मग ही पाण्याची रीत, आणि वेड्यावाकड्या आकारासाठी हिच्याइतकी सोपी दुसरी नाही. पान तळाला टेकू द्यायचं नाही, नुसतं पाण्यात लोंबतं ठेवायचं. काट्यावर आकडा येतो तो पानाने बाजूला सारलेल्या पाण्याचा. 0.259. पाच ग्रॅमला या आकड्याने भागा: 19.3. शुद्ध सोन्याची घनता. पान 22 कॅरेटचं असतं तर काटा 0.28 च्या आसपास गेला असता, चांदीचं असतं तर 0.47 च्या पुढे. आकार कितीही वाकडा असो, पाण्याला फसवता येत नाही.

घनतेत सोन्याची बरोबरी करू शकतो तो टंगस्टन. पण तो कडक आणि ठिसूळ. सराफाने पानाचा देठ दोन बोटांत धरून हलकेच वाकवला आणि पुन्हा सरळ केला. टंगस्टन असा वाकत नाही.

म्हणजे पान शुद्ध आहे हे दुकानात सगळ्यांना कळलं होतं. ते तसंच परत ट्रेमध्ये ठेवता आलं असतं, पुढच्या दसऱ्याला दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं असतं. आम्ही हे विचारलं. काउंटरमागून उत्तर आलं, "गाळल्याशिवाय भाव नाही सांगत जी आपण." त्यांचा यात दोष नाही, बाजाराची रीतच तशी आहे, आणि मोडीचं नाणं आहे तसं विकत घेणारं काउंटर आम्हाला या ओळीत फिरताना कुठेच दिसलं नाही. असं एक काउंटर सुरू व्हावं. त्याला लागतं काय? पाण्याची वाटी, हा काटा, आणि मूळ पाकीट व प्रमाणपत्र सांभाळून ठेवणारा ग्राहक.

बाकी व्यवहार थोडक्यात. घेताना 3 टक्के जीएसटी आणि घडणावळ, मोडताना यातलं काहीच परत नाही. 24 महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के कर. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही, आणि जमिनीत सापडलं तर 1878 च्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं.

(दृश्य: मूस. ज्योत. पान. इथे निवेदन नाही, फक्त भट्टीचा आवाज. पंचवीस सेकंद.)

(दृश्य: थंड झालेली सोन्याची गोळी काट्यावर.)

4.98 ग्रॅम. सराफ पावती लिहितात. तारीख. सोनं, 24 कॅरेट. वजन. रक्कम. आई पावतीची घडी घालून पर्समध्ये ठेवते. पान ज्या पाकिटातून आलं होतं, ते रिकामं पाकीट अजून काउंटरवरच आहे.